रस्त्याचा इतिहास : श्रीनगर-लेह मार्गावरील लष्करी ताफ्यांच्या आठवणी

हीरक महोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे, असे संपादक मंडळाने सुचविले तेव्हा शाळेच्या वाटचालीविषयी लिहावे असे प्रथम मनात आले. पण तो विषय या अंकात माझ्याहून अधिक अधिकारी व्यक्तींनी हाताळला आहे. मी या शाळेत जवळजवळ तीस वर्षे इतिहास शिकवला. त्या काळात फळ्यावर लढायांची नावे लिहिली, सनावळ्या पाठ करून घेतल्या, सेनापतींची चरित्रे रंगवून सांगितली. ज्या रस्त्याने सामान्य शिपाई त्या लढायांपर्यंत पोहोचला, तो रस्ता मात्र मी कधी फळ्यावर काढला नाही. ही उणीव एका प्रसंगाने माझ्या पदरात घातली. तो प्रसंग लेखाच्या अखेरीस सांगेन. आधी त्या रस्त्याविषयी.

जबलपूर आणि लष्करी ट्रक

आपल्या जबलपूरकरांना लष्करी ट्रकचे अप्रूप नाही. सदरच्या रस्त्याने हिरव्या गाड्यांची रांग निघाली की सायकलवरून उतरून ती जाईपर्यंत थांबायचे, हे आपण लहानपणीच शिकलो. १९०४ साली येथे गन कॅरेज फॅक्टरी उभी राहिली. स्वातंत्र्यानंतर १९५९ च्या सुमारास याच कारखान्यात जर्मनीच्या 'मान' कंपनीच्या परवान्याने 'शक्तिमान' ट्रकची बांधणी सुरू झाली. त्यापाठोपाठ जपानच्या निस्सान कंपनीच्या परवान्याने एक-टनी गाडी आणि 'जोंगा' आली. 'जोंगा' हे नावच मुळी जबलपूरच्या कारखान्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांतून घडलेले आहे. आपली शाळा सुरू झाली तेव्हा १९६२ च्या पराभवाची जखम ताजी होती आणि सैन्याला गाड्यांची निकड होती. १९६९ मध्ये स्वतंत्र व्हेईकल फॅक्टरी उभी राहिली आणि रांझी परिसरातली कित्येक मराठी घरे तिच्या भोंग्यावर घड्याळ लावू लागली.

माझे वडील तेथे फिटर होते. शक्तिमानच्या पुढच्या आसाची जोडणी हे त्यांचे काम. संध्याकाळी घरी आले की हातांचा ग्रीसचा वास साबणाने जात नसे. आपण जोडलेली गाडी कुठे जाते, हे त्यांनी कधी पाहिले नाही. "वर जाते," एवढेच ते म्हणत. 'वर' म्हणजे काश्मीर, लडाख, नेफा. आम्हां मुलांना त्या एका शब्दातच सारा हिमालय दिसे.

रस्ता नव्हता तेव्हा

१९४७ च्या ऑक्टोबरात भारतीय सैन्य विमानांनी श्रीनगरला उतरले, ही गोष्ट पाठ्यपुस्तकात आहे. त्या सैन्याला धान्य, दारूगोळा आणि इंधन पुरवायचे कसे, हा प्रश्न पाठ्यपुस्तकात नाही. काश्मीर खोऱ्याला बाहेरच्या जगाशी जोडणारा जुना बारमाही मार्ग झेलम नदीच्या काठाने उरी, मुझफ्फराबादवरून रावळपिंडीकडे जाई. फाळणीने तो तोडला. उरला तो पठाणकोट, जम्मू, बनिहालवरून येणारा डोंगरी रस्ता. त्यावरचे अनेक ओढे बिनपुलाचे होते, आणि बनिहालची खिंड हिवाळ्यात बर्फाने बंद होई. जवाहर बोगदा झाला तो १९५६ च्या अखेरीस.

श्रीनगरच्या पलीकडे लेहपर्यंत मोटारीचा रस्ताच नव्हता. सोनमर्गपुढे बालटाल, आणि तेथून सुमारे साडेअकरा हजार फूट उंचीची झोजीला खिंड. खेचरे आणि व्यापाऱ्यांचे तांडे जात ती पायवाट. १९४८ च्या उन्हाळ्यात द्रास आणि कारगिल हल्लेखोरांच्या हाती गेले आणि लेह एकाकी पडले. मे महिन्यात एअर कमोडोर मेहर सिंग यांनी जनरल थिमय्यांना घेऊन लेहच्या वाळूत डाकोटा विमान उतरवले. परंतु विमानांवर एवढा प्रदेश फार काळ जगू शकत नाही. सप्टेंबरात झोजीलावर पायदळाने केलेले हल्ले परतवले गेले.

तेव्हा थिमय्यांनी ठरवले, की खिंडीत रणगाडे न्यायचे. ७ कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे बुरूज उतरवून, ताडपत्रीखाली झाकून गुपचूप जम्मूहून काश्मीर खोऱ्यात आणि पुढे बालटालला आणले गेले. मद्रास सॅपर्सच्या जवानांनी पायवाट रुंद करून रणगाडा जाईल एवढी वाट काढली. १ नोव्हेंबर १९४८ रोजी हिमवर्षावात ते रणगाडे झोजीला ओलांडून गेले. नोव्हेंबर संपण्यापूर्वी द्रास आणि कारगिल परत मिळाले आणि लेहशी संपर्क जुळला. हा पराक्रम रणगाड्यांच्या नावावर नोंदला गेला, आणि ते योग्यच आहे. पण त्या वाटेचा पहिला विजय कुदळीचा होता, हेही विसरू नये.

१९६० मध्ये सीमा रस्ते संघटना स्थापन झाली आणि तिच्या 'बीकन' प्रकल्पाने या मार्गाला खऱ्या अर्थाने रस्त्याचे रूप दिले. श्रीनगर ते लेह ४३४ किलोमीटर. वाटेत झोजीला, मग नमिकाला आणि सर्वांत उंच फोतुला, सुमारे साडेतेरा हजार फुटांवर. रस्ता झाला आणि त्याच दिवसापासून तो शत्रूचे लक्ष्यही झाला. कारगिलजवळच्या १३६२० क्रमांकाच्या ठाण्यावरून हा मार्ग स्पष्ट दिसे. १९६५ मध्ये आपल्या सैन्याने ते ठाणे मे महिन्यात जिंकले, परत केले, ऑगस्टमध्ये पुन्हा जिंकले आणि ताश्कंद करारानंतर पुन्हा परत केले. १९७१ मध्ये ते तिसऱ्यांदा जिंकले आणि मग मात्र ठेवून घेतले. एका रस्त्यावर गोळे पडू नयेत म्हणून एकच शिखर तीनदा जिंकावे लागले, ही गोष्ट युद्धाचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असावी.

ही केवळ आपली कहाणी नाही. १९१६ मध्ये व्हर्दूनचा वेढा फ्रेंचांनी तोलून धरला तो बार-ल-दुकहून येणाऱ्या सुमारे सत्तर किलोमीटरच्या एकाच रस्त्यावर. ऐन धामधुमीत तेथून सरासरी दर चौदा सेकंदांना एक गाडी जाई. १९४४ मध्ये फ्रान्समध्ये अमेरिकी सैन्याला पुरवठा करणाऱ्या 'रेड बॉल एक्स्प्रेस'चे सुमारे तीन चतुर्थांश चालक कृष्णवर्णीय होते, आणि बराच काळ त्यांची नावे इतिहासात आली नाहीत. त्याच वर्षी इंफाळच्या वेढ्याचा शेवट २२ जून रोजी झाला, तो दिमापूर-कोहिमा-इंफाळ रस्त्यावरच्या १०९ क्रमांकाच्या मैलाच्या दगडापाशी दोन तुकड्यांची भेट झाली तेव्हा. त्या वेढ्याच्या आरंभी सांगशाक येथे जपान्यांना चार-पाच दिवस रोखून धरणाऱ्यांत मराठा पलटणीचे जवान होते. वेढा सुटला याचा अर्थ रस्ता उघडला, एवढाच असतो.

१९९९ चा उन्हाळा

कारगिलच्या युद्धाशी जबलपूरचे नाते दुहेरी आहे. ग्रेनेडियर्स आणि जम्मू-काश्मीर रायफल्स या दोन्ही रेजिमेंटांची केंद्रे आपल्या शहरात आहेत. टायगर हिलवर चढलेली १८ ग्रेनेडियर्स आणि कॅप्टन विक्रम बत्रा यांची १३ जम्मू-काश्मीर रायफल्स या पलटणींची नावे त्या उन्हाळ्यात आपल्या घराघरांत घेतली गेली. आणि त्या पलटणींना वर नेणाऱ्या गाड्यांपैकी कित्येक येथेच घडल्या होत्या. शक्तिमानचे उत्पादन १९९६ मध्ये थांबले होते, पण जुन्या गाड्या सेवेत होत्या. त्यांच्या बरोबरीला नवी 'स्टॅलियन' आली होती.

द्रासच्या उशाशी तोलोलिंगचे शिखर आहे. तेथे बसलेल्या शत्रूच्या निरीक्षकाला महामार्ग नकाशासारखा दिसत असे. ९ मे रोजी कारगिलचा दारूगोळ्याचा साठा शत्रूच्या तोफांच्या माऱ्यात उद्ध्वस्त झाला. झोजीला तेव्हा दर हिवाळ्यात बंद होत असे, त्यामुळे लडाखचा वर्षाचा शिधा उन्हाळ्याच्या मोजक्या महिन्यांतच वर न्यावा लागे. येथे तर युद्धाचा सगळा भार त्याच एका रस्त्यावर येऊन पडला. या युद्धात आपल्या तोफखान्याने अडीच लाखांच्या घरात गोळे, बॉम्ब आणि अग्निबाण डागले. बोफोर्सचा एकेक गोळा चाळीस किलोहून अधिक वजनाचा. त्यांतला जवळजवळ प्रत्येक गोळा कुणीतरी ट्रकमध्ये चढवला, कुणीतरी रात्री अंधारात चालवत वर आणला आणि कुणीतरी उतरवून घेतला.

या प्रवासाच्या आठवणी मी गेल्या काही वर्षांत ऐकून टिपून ठेवल्या आहेत. सांगणारे आपल्याच शाळेच्या परिवारातले आहेत. त्यांच्या इच्छेनुसार नावे देत नाही.

त्यांतले एक आर्मी सर्व्हिस कोअरमधून निवृत्त झालेले चालक. त्यांची नात सध्या सातवीत आहे. ते सांगतात : "दिवसा सोनमर्गला गाडी तपासायची. हवा, ऑइल, साखळ्या, दोर. अंधार पडला की कॉन्व्हॉय कमांडर गाड्यांवर खडूने नंबर टाकायचा आणि निघायचं. झोजीलाच्या पुढे हेडलाइट बंद. पुढच्या गाडीच्या मागच्या आसावर जो गोळा असतो, तो पांढरा रंगवलेला असतो. त्यावर बारीकसा दिवा. तेवढा पांढरा ठिपका बघत चालवायचं. ठिपका मोठा झाला तर ब्रेक, लहान झाला तर गिअर. रात्रभर मी दुसरं काही पाहिलं नाही. डोंगर पाहिले नाहीत, आकाश पाहिलं नाही."

मटायन, पांद्रास, द्रास ही गावे त्यांना नावांनी ठाऊक होती, रूपाने नाही. गाव आले हे कुत्र्यांच्या भुंकण्यावरून कळे. शेजारी बसलेला सहायक दार अर्धवट उघडे धरून बाहेर झुके आणि दरीकडच्या चाकाकडे पाही. दोघांत ठरलेली खूण होती : दारावर एक थाप म्हणजे 'डावीकडे जागा आहे', दोन थापा म्हणजे 'थांब'. शत्रूच्या नजरेत असलेल्या टप्प्यात थांबायला मनाई होती. एखादी गाडी बंद पडली तर मागच्या गाडीने ढकलून ती कडेला घ्यायची आणि पुढे व्हायचे. तिच्यातल्या माणसांना उचलायला ताफ्याच्या शेपटाची गाडी येई. "भीती वाटायची का?" या माझ्या प्रश्नावर ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "सर, वर जाताना मागं दारूगोळा असायचा. भीती वाटायला सवडच नसायची. परत येताना गाडी हलकी व्हायची ना, तेव्हा हात कापायचे."

परत येताना गाडी नेहमीच रिकामी नसे. कधी जखमी असत, कधी ते असत ज्यांच्या अंगावर पांघरूण पूर्ण ओढलेले असे. त्या खेपांविषयी ते अधिक बोलले नाहीत, मीही विचारले नाही.

दुसरे आमचे माजी विद्यार्थी. ते पायदळात होते आणि मागच्या फळीवर बसून वर गेले. त्यांच्या बोलण्यात एक गोष्ट आली, ती मला कोणत्याही ग्रंथात मिळाली नव्हती. ट्रकमध्ये बसलेल्या शिपायाला पुढचा रस्ता कधीच दिसत नाही. दोन्ही बाजूंना बाक, मध्ये सामान, वर ताडपत्री. उघडी असते ती मागची बाजू. त्यामुळे त्याला दिसतो तो मागे पडलेला रस्ता. "आम्ही युद्धाकडे पाठ करूनच गेलो, सर," ते म्हणाले. डिझेलचा धूर आत येई. वळणांवर नवी मुले ओकत. विरळ हवेने डोके ठणके. सक्तीच्या मुक्कामांत हवेची सवय करून घेतलेली असली तरी पहिल्या रात्री कुणाला झोप येत नसे. पुऱ्या आणि लोणचे बांधून दिलेले असे. पुऱ्या थंडीने चामड्यासारख्या होत. कुणी विनोद करी, कुणी फार हसे, मग सगळे गप्प होत.

त्यांची सर्वांत ठळक आठवण गोळीबाराची नाही. गुमरीजवळ एकेरी वाहतुकीमुळे वर जाणारा ताफा थांबवला होता आणि खाली येणारा ताफा शेजारून निघाला. त्या गाड्यांत तोलोलिंगवरून उतरलेले जवान होते. दाढी वाढलेली, ओठ फुटलेले. वरच्यांनी विचारले, "कसं आहे?" खालच्यांपैकी एकाने उत्तर दिले नाही, त्याने आपला लोकरी हातमोजा काढून यांच्या गाडीत फेकला. तो हातमोजा त्यांच्या घरी आजही आहे. त्याचा मालक कोण, हे त्यांना कधीच कळले नाही.

१३ जून रोजी तोलोलिंग हाती आले, २० जूनला ५१४० क्रमांकाचे शिखर, ४ जुलैला टायगर हिल. शिखरे एकेक करून परत आली तसतसा रस्ता मोकळा होत गेला. चालकांच्या आठवणींत विजयाची ती तारीख नाही. त्यांना आठवते ती पहिली रात्र, जेव्हा द्रासच्या पुढे हेडलाइट लावण्याची परवानगी मिळाली. "डोळे दिपले," ते आजोबा म्हणाले. "एवढ्या दिवसांत पहिल्यांदा रस्ता दिसला. आणि दिसल्यावर कळलं, की आपण कुठून कुठून गाडी नेली होती."

इतिहासाचा शिक्षक म्हणून एक सावधगिरी नोंदवायला हवी. अशा आठवणींत तारखा चुकतात, दोन रात्रींची मिळून एक रात्र होते, ऐकलेली गोष्ट पाहिलेली वाटू लागते. मी त्या नोंदींशी पडताळून पाहिल्या तेव्हा काही ठिकाणी आठवड्या-दोन आठवड्यांचे अंतर निघाले. पण वळणे चुकत नाहीत. कुठे रस्ता खचलेला होता, कुठे पाणी वाहत होते, कुठे शेजारच्याने काय म्हटले, हे दोन वेगवेगळ्या माणसांनी सारखेच सांगितले. कागदावर युद्धाची तारीख राहते. त्याचे वजन माणसाच्या अंगात राहते.

राहून गेलेले एक नाव

आता तो प्रसंग. दहा वर्षांपूर्वी शाळेच्या सुवर्ण महोत्सवाच्या वेळी देशासाठी प्राण दिलेल्या माजी विद्यार्थ्यांची यादी करण्याचे काम माझ्याकडे होते. यादी छोटीच होती. मी ती काळजीपूर्वक केली, प्रत्येक नावापुढे लढाई आणि तारीख लिहिली. समारंभानंतर एक वृद्ध बाई मला व्हरांड्यात भेटल्या. त्यांचा मुलगा माझा विद्यार्थी होता. अभ्यासात साधारण, पण वर्गाचा कंदील कुणी दुरुस्त करायचा, सहलीच्या बसचे टायर कोण बदलणार, तर तो. दहावीनंतर सैन्यात चालक झाला. कारगिलचे युद्ध संपल्यानंतर दोन वर्षांनी, नोव्हेंबरात, खिंड बंद होण्यापूर्वीच्या अखेरच्या खेपांत झोजीलाच्या उतारावर त्याची गाडी घसरली. गाडीत पलटणीचा हिवाळ्याचा शिधा होता.

"सर, माझ्या पोराचं नाव राहिलं का?" त्यांनी विचारले.

मी म्हणालो, "आई, ही यादी लढाईत गेलेल्यांची आहे."

त्यांनी मान हलवली. "बरं," एवढेच म्हणाल्या आणि पदर सावरून गेल्या. त्यांनी तक्रार केली नाही. यादीची व्याख्या माझी होती आणि ती चुकीची होती, हे मला त्या रात्री घरी गेल्यावर उमगले. माझे वडील म्हणत, "गाडी वर जाते." वर गेलेली गाडी कुणीतरी चालवत होते, आणि त्यातला एक माझ्याच बाकावर बसून माझ्याकडून पानिपतची तारीख शिकला होता. पानिपतावर मराठ्यांची रसद तुटली, म्हणून सैन्य उपाशीपोटी लढले, हे मी दरवर्षी तावातावाने सांगत असे. रसद पोहोचवताना मेलेल्या मुलाला मात्र मी यादीत जागा दिली नाही.

कारगिलच्या युद्धात आपले ५२७ जवान कामी आले. ती संख्या आपण आदराने उच्चारतो. त्या रस्त्यावर युद्धापूर्वी आणि युद्धानंतर, हिमकड्याखाली, दरीत, गोठलेल्या रात्री गेलेल्यांची संख्या आपल्या ओठांवर नसते. शांततेच्या काळातही तो रस्ता युद्धाच्याच नियमाने चालतो, कारण पलीकडच्या ठाण्यांवर हिवाळा थांबत नाही.

या स्मरणिकेतील स्मृतिपृष्ठावर या वेळी त्या विद्यार्थ्याचे नाव आहे. त्याच्यापुढे लढाईचे नाव नाही. 'श्रीनगर-लेह मार्ग' एवढे लिहिले आहे. त्या माउली आज हयात नाहीत. त्यांना ते पान दाखवता आले नाही, याची खंत माझ्याजवळच राहील.

माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना माझी एक विनंती आहे. आपल्या घरात कुणी ताफ्यातून प्रवास केलेला असेल, गाडी चालवली असेल, गाडी बांधली असेल, तर त्यांना एकदा निवांत विचारा. पराक्रम विचारू नका. ते बोलणार नाहीत. रस्ता कसा होता, चहा कुठे मिळायचा, पुढच्या गाडीत कोण होते, हे विचारा आणि मुलांकडून लिहून घ्या. ती वही शाळेच्या ग्रंथालयात ठेवण्याची सोय मुख्याध्यापकांनी आनंदाने मान्य केली आहे. शाळेची पंचाहत्तरी येईल तेव्हा हे सांगणारे फारसे कुणी उरणार नाहीत. तोपर्यंत आपल्या हस्ताक्षरात त्यांचा रस्ता उतरलेला असावा, एवढीच एका निवृत्त शिक्षकाची इच्छा आहे.

(लेखक शाळेचे माजी इतिहास-शिक्षक आहेत.)